नकाशातला पूल

१

दिपा राठोड मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास गेली, आणि दोन वाजेपर्यंत तिला कोणी मारलं हे सेनगाव तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर प्रज्ञेश खंदारे. लोकांना असल्या कामात वेळ लागत नाही. एक साधा दाखला द्यायला सहा महिने लावणारी माणसं खुनी मात्र तासाभरात ठरवतात.

घडलं ते एवढंच. पेमा नायक तांड्यावरून सकाळी दहाला आरोग्य केंद्रात फोन आला की दिपा घरीच बाळंत झाली, पोरगी झाली, पण रक्त थांबत नाही, गाडी पाठवा. तांड्याला जायला दोन वाटा. डांबरी रस्ता एकोणीस किलोमीटर वळसा घालून जातो. दुसरी ओढ्यातली पांदण सात किलोमीटर, पण पावसाळ्यात तिथून कोणी बैलगाडीही नेत नाही. प्रज्ञेशनं नेमकी तीच धरली. गाडी ओढ्याच्या गाळात निम्म्या चाकापर्यंत रुतली. तांड्यातल्या माणसांनी दिपाला बाजेवर घालून गाडीपर्यंत आणलं, आणि ट्रॅक्टरची वाट बघत, त्या रुतलेल्या अँब्युलन्सशेजारीच तिनं मान टाकली.

प्रज्ञेशचं म्हणणं एकच होतं, नकाशात तोच रस्ता दाखवला होता. केंद्राच्या गाडीचे सगळे मार्ग ऑनलाइन नकाशावर आखलेले होते आणि ड्रायव्हरनं त्याच रेघेवरून जायचं असा हुकूम होता. केंद्राच्या साहेबांनी गुरुवारी तो नकाशा उघडून पाहिला. रेघ डांबरी रस्त्यावरून. म्हणजे पोरगा धडधडीत खोटं बोलतो. त्याला कामावरून उतरवलं, सोमवारी अकरा वाजता चौकशी ठेवली, आणि चौकशीनंतर पोलिसात गुन्हा दाखल होणार हे उघड होतं.

शुक्रवारी सकाळी प्रज्ञेशची आई जनकाबाई सोनाजी खिल्लारेंच्या दारात येऊन बसली.

सोनाजी सेनगावच्या बसस्टँडवर बावीस वर्षं कंट्रोलर होते. तालुक्यातली प्रत्येक वाट त्यांना पाठ होती आणि त्या वाटांवरच्या माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. हरवलेल्या पेट्या आणि नवऱ्याला सोडून पळालेल्या बाया त्यांनी नुसत्या प्रश्न विचारून शोधून काढल्या होत्या. निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडं तेवढ्यासाठीच यायचे, आणि त्याचाही त्यांना राग यायचा.

"भाऊ, माझं लेकरू खोटं बोलत न्हाई," जनकाबाई म्हणाली. "त्याला खुनी म्हणून राहिलेत लोक. मी धुणीभांडी करून शिकवलं त्याला."

"खोटं बोलत नसंल तं नकाशा खोटं बोलून राहिला," सोनाजी म्हणाले. "पाठव त्याला."

प्रज्ञेश आला तो मान खाली घालून. चार दिवसांत डोळे खोल गेले होते. औंढ्याकडून बदली होऊन मायलेकांना इकडं येऊन पंधराच दिवस झाले होते, इकडच्या वाटा त्याला ठाऊक नव्हत्या. सोनाजींनी त्याच्यापुढं कागद ठेवला. "काय दिसलं मोबाईलवर, ते काढ."

त्यानं काढलं. केंद्रापासून निघालेली रेघ फाट्यावर वळून पांदणीला लागत होती. "बाकीच्या गावायच्या रेघा निळ्या व्हत्या, मामा. ही एकच काळी. वाटेत खुणा व्हत्या. अंगणवाडी, पाण्याची टाकी. अन् ओढ्यावर खूण, पूल म्हणून. ओढ्याच्या अलीकडं रेघ अशी अर्धी गोल फिरून परत सरळ झाली."

"खाली पूल दिसला न्हाई तं मांगं काहून न्हाई फिरला?"

"वाटलं, बुटका असंल, पाण्याखाली गेला असंल. पाणी घोट्याएवढंच दिसत व्हतं. खरं सांगू मामा? पूल लिहिलेला पाहून मला बरं वाटलं व्हतं. म्हणलं, झाला एकदाचा या लोकायचा पूल."

सोनाजींनी आपल्या फोनवर तो नकाशा उघडला. तांड्याची रेघ निळी होती आणि डांबरीवरूनच जात होती. खुणा एकही नव्हत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. नकाशाच्या नावाखाली बारीक अक्षरात शेवटचा बदल कधी झाला ते लिहिलं होतं. बुधवार, सकाळी दहा.

दिपा मंगळवारी मेली होती.

२

पहिला संशय देविदासवर जावा अशीच त्याची वागणूक होती. देविदास राठोड हा दिपाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तांड्यावर त्याची एकच जीप, आजवर अडलेल्या बाया तीच न्यायची. सरकारी गाडी फुकट यायला लागली तशा त्याच्या सवाऱ्या गेल्या. प्रज्ञेशला फाशी द्या म्हणून ओरडणाऱ्यांत तोच सगळ्यांत पुढं होता. आणि नकाशावर वाट आखण्यात त्याच्याएवढा पटाईत त्या भागात दुसरा नव्हता. नरसी नामदेव, औंढा नागनाथ अशा यात्रांचे मार्ग तो आखायचा, चहाच्या टपऱ्यांसकट, आणि लिंक पाठवून गिऱ्हाईक बोलवायचा.

सोनाजींनी त्याला स्टँडसमोर जीपच्या बॉनेटवर बसलेला गाठला.

"मंगळवारी कुठं व्हतास?"

"औंढ्याला. नांदेडच्या सवाऱ्या व्हत्या." देविदासचा आवाज एकदम उतरला. "माझी जीप तांड्यावर असती तं दिपा वाचली असती, काका. हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज न्हाई."

त्याचा आरडाओरडा कशापायी होता ते सोनाजींना तेव्हा कळलं. स्वतःवरचा राग दुसऱ्याच्या नावानं काढणारी माणसं त्यांनी स्टँडवर रोज पाहिली होती. त्यांनी त्याचे नकाशे मागितले. देविदासनं दहा-बारा मार्ग दाखवले. सगळे निळे.

"काळी रेघ काहून न्हाई काढत?"

"काळी हातानं काढा लागते. निळीला कुठून कुठं ते सांगितलं की मशीन आपणच रस्ता धरते, खरा असंल तिथूनच. काळीला काई बंधन न्हाई. हिरीतून बी काढता येते." तो जरासा हसला. "धंद्याच्या माणसाला काळी कामाची न्हाई."

"अन् बुधवारी सकाळी?"

"मातीला. सगळा तांडा तिथंच व्हता. अन् तुमी फोनचं इचारत असाल तं मंगळवारच्या संध्याकाळच्या वाऱ्यानं लाईट गेली, टॉवर गेला. गुरुवार दुपारपस्तोर कोणाच्या मोबाईलला रेंज नव्हती."

सोनाजींनी हिशोब लावला. बुधवारी सकाळी दहाला तांड्यावरच्या कोणालाही नकाशाला हात लावणं शक्य नव्हतं. तरी रेघ बदलली होती. मग बदलणारा तांड्याबाहेरचा, आणि दिपा कशी मेली हे कळल्याबरोबर घाबरलेला.

३

आरोग्य केंद्रात संगिता कॉम्प्युटरवर बसायची. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, सहा वर्षं. तो नकाशा जूनमध्ये तिनंच बनवला होता आणि लिंक आशाताया, सरपंच, तांड्यांवरचे कार्यकर्ते अशा सगळ्यांच्या ग्रुपवर टाकली होती. तिनं सोनाजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि न विचारता सांगून टाकलं, "काका, जूनपासून मी त्याला हात लावला न्हाई."

"लिंक ज्याला गेली त्याला नकाशात बदल करता येत व्हता?"

"आशातायांनी गरोदर बायांची घरं टाकावीत म्हणून मोकळी ठेवली व्हती." ती चपापली. "म्हणजे तसा नियम न्हाई. पण काम व्हावं म्हणून."

"मी जुना माणूस, मला त्यातलं काई कळत न्हाई. एखादी रेघ पुसायला किती येळ लागते?"

"काळी असली तं एका बोटात जाते. निळी काढायची म्हणजे—"

"काळी?" सोनाजी म्हणाले. "मी तं रेघ म्हणलो. केंद्राच्या नकाशात आज एक बी काळी रेघ न्हाई. तुमी जूनपासून हात लावला न्हाई, मग काळी तुमी कवा पाहिली?"

संगितानं दाराकडं पाहिलं. मग ओढणीच्या टोकात तोंड घालून ती रडायला लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण ही काही चोर नव्हती. पगारावर लेकरं पोसणारी बाई होती. म्हणूनच सोनाजींना तिचा जास्त संताप आला.

"पुसली मी," ती म्हणाली. "बुधवारी कामावर आल्याबरोबर नकाशा उघडला, अन् ती काळी दिसली. लिंक मोकळी मी ठेवली व्हती. पुसली अन् डांबरीची निळी काढून ठेवली. पण काळी मी काढली न्हाई, काका. माझ्या पोराची शपथ."

"प्रज्ञेश खरं बोलून राहिला हे तुमाला ठाऊक व्हतं. अन् तुमी गप बसल्या."

"सोमवारी मला इचारलं तं मी न्हाईच म्हणणार," ती म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. "त्याला दुसरी नोकरी भेटंल. मला कोण देते?"

सोनाजी उठले. पुसणारा हात सापडला होता आणि त्याचा उपयोग शून्य होता. काढणारा हात वेगळा होता. तो सापडला नाही, आणि त्याच्या काळ्या रेघेचा एखादा पुरावा हाती लागला नाही, तर सोमवारी प्रज्ञेश संपला.

४

शनिवारी ते पांदणीनं पायी निघाले. हातात प्रज्ञेशनं काढलेला कागद होता. चिखलानं चप्पल ओढून घेतली तेव्हा ती हातात घेतली.

ओढ्याच्या अलीकडं एक म्हातारा लिंब होता. खाली देवीचा दगडी ओटा, वर पांढरं निशाण. पांदण खरं तर ओट्याच्या समोरून सरळ जाते, पण पायाखालची वाट तशी नव्हती. माणसांची, बैलांची, सायकलींची, सगळी वाट ओट्याला उजव्या हाताला ठेवून मागून अर्धी गोल फिरली होती. देवीच्या पुढून तांड्याचं माणूस जात नाही, मग डोक्यावर लाकडाची मोळी का असेना. सोनाजींनी कागद उघडला. रेघ बरोबर त्या जागी तशीच फिरली होती.

आकाशातून काढलेल्या फोटोत हे दिसायचं नाही. वर सगळा लिंबाचा पालाच. म्हणजे काळी रेघ काढणारा या वाटेवरून चालणारा होता आणि मोबाईलवर बोट फिरवतानाही देवीच्या पुढून जायला त्याचं मन धजलं नव्हतं. असा माणूस तांड्याचाच. पण तो कोणाला मारायला निघालेला असेल तर अंगणवाडी आणि पाण्याची टाकी कशाला लिहील? माणसाला खड्ड्यात घालणारा वाटेवर पाणपोई दाखवत नाही.

तांड्यावर पहिलंच घर संतोषचं, दिपाच्या नवऱ्याचं. ओसरीवर त्याची आई मिराबाई चार दिवसांच्या पोरीला मांडीवर घेऊन बोळ्यानं दूध पाजत होती.

"अंगणवाडी कुठं हाय हो तुमची?" सोनाजींनी विचारलं.

"कायची अंगणवाडी? पोरं दोन कोस जातेत," मिराबाई म्हणाली. "संतोष म्हणते, येणार. अर्ज केला म्हणते. पाण्याची टाकी येणार, पूल येणार. तोच एक लिवणारा हाय ना आमच्यात."

सोनाजींनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

संतोष आतून बाहेर आला. डोकं भादरलेलं, अंगात मळका शर्ट. सोनाजी कोणासाठी फिरतात ते त्याला माहीत होतं. "त्या ड्रायव्हरला सोडवायला आले का काका?"

"खरं काय ते पाहाला आलो. तू रस्त्यासाठी अर्ज केला व्हता?"

"केला व्हता म्हणजे? तुमाला दाखवतो!" त्याला तो प्रश्न म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदारच वाटला असावा. त्यानं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची फाइल आणली. "दोन सालामागं पहिल्या येळी दिपाला याच पांदणीनं बाजेवर नेलं. लेकरू ओढ्यातच गेलं. तवाच ठरवलं, दुसऱ्या येळपस्तोर रस्ता आणायचा. पाहा, काई कसर ठेवली न्हाई मी."

वर अर्ज होता, खाली तारखेचा शिक्का जुलैचा, आणि त्याला टाचलेला रंगीत छापील नकाशा. सगळ्या गावांच्या निळ्या रेघा. तांड्याची एकच काळी. ओट्याला फिरलेली. अंगणवाडी. पाण्याची टाकी. पूल.

५

प्रज्ञेशला सोडवणारा कागद सोनाजींच्या हातात होता आणि तो ज्यानं दिला तो समोर हात जोडून उभा होता. सोनाजींना वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं.

"हा नकाशा कुठून आणला?"

"ग्रुपवर आलता, केंद्राच्या बाईनं टाकलेला. त्यात आमचा तांडा आधीच व्हता. तालुक्याच्या कचेरीत म्हणले, नुसता अर्ज चालत न्हाई, कुठं काय पाहिजे ते नकाशावर दाखवा. मंग दाखवलं. जे जे पाहिजे ते. सेनगावात छापून आणला."

"ग्रुपवरचा होता तसाच उघडून त्यात काढलं?"

"माझ्या मोबाईलवर."

"संतोष," सोनाजी म्हणाले, आणि कधी नव्हे तो त्यांचा आवाज मऊ झाला, "तो तुझ्या मोबाईलवरचा नव्हता रे. एकच नकाशा, सगळ्यायचा. तू जे काढलं ते त्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर बी निघालं. तुला पाहिजे व्हता तो पूल, त्याला वाटलं, हाय."

मिराबाईला अर्थ कळला नव्हता, पण लेकाचं तोंड बघून तिनं दुधाची वाटी खाली ठेवली.

"न्हाई," तो म्हणाला. "मी गुरुवारी पाहिला ना. निळी व्हती. डांबरीवरूनच व्हती."

"बुधवारी बाईनं पुसली, नोकरीच्या भेवानं. तुझी त्याच्या आधी दीड महिना तिथंच व्हती."

संतोषनं नकाशाचा कागद हातात घेतला आणि बोटानं रेघ धरून केंद्रापासून निघाला. फाटा, पांदण, ओटा. पुलाच्या खुणेवर बोट थांबलं. त्याच्या तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. पोरगी दचकून रडायला लागली.

फाइलमध्ये खाली अजून एक पत्र होतं, कचेरीचं, ऑगस्टच्या चार तारखेचं. सोनाजींनी ते वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचलं. 'सोबत जोडलेल्या नकाशानुसार सदर ठिकाणी रस्ता व पूल अस्तित्वात असल्याचे दिसून येते. सबब नवीन मागणीचा प्रश्न उद्भवत नाही.'

"याला उत्तर काय लिवायचं ते मी दिपालाच इचारलं व्हतं," संतोष भिंतीला टेकत म्हणाला. "ती म्हणली, आधी लेकरू होऊ द्या, मंग लिवा."

सोनाजींनी फाइल बंद केली. काखेत मारून निघाले असते तर त्यांना कोणी अडवलं नसतं. बावीस वर्षांत कोणाची गय न केलेला माणूस, पण त्यांनी ती फाइल परत संतोषच्या मांडीवर ठेवली.

"मी चोरून नेणार न्हाई. सोमवारी अकराला चौकशी हाय. तू आला तं ते पोरगं वाचते. न्हाई आला तं मी तुझं नाव घेणार न्हाई, पण जनकाबाईला तोंड बी दाखवणार न्हाई."

जनकाबाईनं त्यांचं तोंड संध्याकाळीच बघितलं. "हातातला कागद देऊन आले?" ती किंचाळली. "त्याची बायको मेली म्हणून त्याची दया, अन् माझं लेकरू जित्तं हाय म्हणून त्याची न्हाई? लई शहाणे कंट्रोलर तुमी!" तिचं बरोबर होतं.

६

सोमवारी अकराला हॉलमध्ये साहेब, कारकून, संगिता, प्रज्ञेश आणि त्याची आई. एका बाजूला तांड्याची वीस-पंचवीस माणसं, पुढं देविदास. संतोष नव्हता.

संगितानं सांगितलं तसंच केलं. नकाशात कधीच बदल झाला नाही, असं ती जमिनीकडं बघून म्हणाली. सोनाजींनी बुधवारच्या बदलाची गोष्ट काढली, तर साहेबांनी "आपण कोण?" विचारून त्यांना खाली बसवलं. साडेअकराला कारकून निकाल लिहायला बसला. जनकाबाईनं सोनाजींकडं एकदाच पाहिलं.

आणि संतोष दारात आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, हातात फाइल.

"त्याचा दोष न्हाई, साहेब," तो म्हणाला. "काळी रेघ मी काढली."

त्यानं छापील नकाशा टेबलावर ठेवला, अर्ज ठेवला, कचेरीचं पत्र ठेवलं. साहेबांनी तारखा तपासल्या. संगिता न विचारताच उभी राहिली आणि रडत म्हणाली, हो, बुधवारी मी पुसली.

"जे नाही ते नकाशावर दाखवायची परवानगी तुला कोणी दिली?" साहेब म्हणाले.

"आमाला काय पाहिजे ते दाखवा म्हणले व्हते. ते आमाला पाहिजे व्हतं, साहेब."

साहेबांनी पत्र उलटून बाजूला ठेवलं आणि निकाल सांगितला. प्रज्ञेश खंदारे दोषमुक्त, उद्यापासून कामावर. संगिताचा करार बंद. सरकारी नकाशात खोटा मजकूर टाकल्याबद्दल संतोष राठोडवर तक्रार. सोनाजी न राहवून उठले आणि म्हणाले, "अन् पूल?"

"तो विषय आजच्या चौकशीत नाही," साहेब म्हणाले.

बाहेर आले तेव्हा देविदासची जीप गेलेली होती. तांड्याची माणसं संतोषशी न बोलता, त्याच्याकडं न बघता, तिच्यात दाटीवाटीनं बसून निघून गेली होती. आठवडाभर ज्याच्यासाठी फाशी मागितली तो निर्दोष निघाला आणि दोषी घरातलाच निघाला, आता ओरडायचं कोणावर हा त्यांना प्रश्न पडला असावा. संतोष झाडाखाली उकिडवा बसला होता. जनकाबाई लेकाचा हात धरून निघाली, चार पावलं गेली आणि तिनंच तो हात सोडला.

सोनाजी पायरीवरून बघत होते. कोडं सुटलं होतं, पोरगं सुटलं होतं, आणि त्यांना आयुष्यात इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

प्रज्ञेशनं मोटारसायकल झाडापाशी नेली. "बसा. घरी लेकरू वाट पाहत असंल."

संतोष उठून मागं बसला. प्रज्ञेशनं गाडी चालू केली आणि मान वळवून विचारलं, "कोणत्या रस्त्यानं?"

संतोषनं पांदणीच्या दिशेला पाहिलं, मग डांबरीकडं.

"लांबच्या," तो म्हणाला.